तळ्याच्या नकाशातले अकरा दगड

थप्प... थप्प... आणि मध्येच एखादा लांब ‘हुश्श’. नव्वदच्या दशकात सर्जापूर रोडच्या आतल्या बाजूला आमच्या लेआउटमधली, म्हणजे कॉलनीतली, सकाळ या आवाजाने सुरू व्हायची. मागच्या तळ्यावर धोबी कपडे आपटायचे आणि मी गच्चीवर चहा घेऊन त्या तालावर शाळेतल्या कविता पुटपुटत बसायचो. ताल अगदी बरोबर जमायचा...

परवा लेआउटच्या ग्रुपवर कुणीतरी एका जुन्या नकाशाचा फोटो टाकला. असोसिएशनच्या ऑफिसात फ्रेम करून लावलाय तो, आमच्या तळ्याचा. ‘अंकल, या नकाशाने आपलं तळं वाचवलं’ असं खाली लिहिलेलं. अंगठे, फुलं, जोडलेले हात... मी फोन उलटा ठेवला.

तो नकाशा मीच काढला होता. तेव्हा मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला होतो आणि असोसिएशनचा अध्यक्षही. अध्यक्ष कशामुळे, तर बेळगावकडचा म्हणून कन्नड येतं आणि कुणाशी भांडण नाही, एवढ्यामुळेच.

एका बिल्डरला अर्धं तळं बुजवून तिथे अपार्टमेंट उभी करायची होती. मातीचे ट्रक यायलाही लागले होते. हे तळं कधीच मेलंय, नुसतं डबकं उरलंय, असं त्याचं म्हणणं. आम्ही सरकारी ऑफिसात तक्रार द्यायचं ठरवलं आणि सोबतचा नकाशा अर्थातच माझ्याकडे आला.

तीन रविवार ट्रेसिंग पेपरवर वाकून बसलो. बांध, करंजाची झाडं, बगळे बसायचे ती बाभूळ... आणि पूर्वेच्या काठावर धोब्यांचे अकरा दगड. कुठला दगड कुणाचा हे मला ठाऊक होतं. पहिला मुनियम्माचा. आमच्या घरचे कपडे तीच न्यायची. बायको तिला अक्का म्हणायची आणि ती बायकोला.

आमचे सेक्रेटरी राव म्हणजे निवृत्त वकील. नकाशा बघून खूश झाले, मग बोट दगडांवर टेकवलं. दगड दिसले की साबणाचं पाणी आलं, आणि बिल्डरला हवं ते आपणच हातात दिल्यासारखं होईल, असं त्यांनी शांतपणे समजावलं.

“स्वल्प, जरा विचार करा,” म्हणाले, “तळं राहिलं तर धोबी राहतील. तळंच गेलं तर दगड घेऊन काय करायचंय?”

मला पटलं. खरं सांगायचं तर पटायला फार वेळ लागलाच नाही... शाळेच्या पुस्तकातल्या तळ्यात कमळं असतात, हंस असतात, चादरी आपटणारं कुणी नसतं. दगडांशिवायचा नकाशा मलाच जास्त देखणा वाटणार होता.

ट्रेसिंगवरची शाई रबराने जात नाही. अर्ध्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची आणि मग नखाने कागद घोटायचा, म्हणजे खूणही राहत नाही. या कामात माझा हात ऑफिसात नावाजलेला होता. अकरा दगडांना पाव तासही लागला नसेल.

“सही ठळक करा, सार,” राव म्हणाले. “बिनसहीचा नकाशा ते लोक बघतसुद्धा नाहीत.” कोपऱ्यात नकाशा काढणाऱ्याच्या नावाची चौकट असते. तिच्यात मी झोकात सही केली.

आम्ही जिंकलो. ट्रक बंद झाले, मोजणी झाली, तळ्याला चहूबाजूंनी तारेचं कुंपण आलं. असोसिएशनने मला शाल घातली, आणि मी पाणी, पाखरं, आभाळ यांच्यावर बरंच काही बोललो.

दोन दिवसांनी सकाळी गच्चीवर बसलो तर कविता जमेना. ओळी आठवत होत्या, ताल सापडत नव्हता... मग लक्षात आलं. तळ्यावरून आवाजच येत नव्हता.

रावांना विचारलं. सरी, ठीक आहे, बघू या, आधी सगळं जरा स्थिर होऊ दे, म्हणाले. मीही बघू या म्हटलं. अध्यक्ष होतो, पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेता आला असता. घेतला नाही.

आठवड्याभराने बेल वाजली. रद्दीवाला असेल म्हणून दार उघडलं, तर मुनियम्मा. ती नेहमी मागच्या दाराने यायची. पुढच्या दारात तिला मी पहिल्यांदाच पाहत होतो. ठेवणीतली साडी नेसून आलेली, हातात आमचे तिच्याकडे राहिलेले कपडे, घडी मोडू न देता आणलेले. आधी ते दिले.

सरकारी ऑफिसात तीन खेपा घालून आली होती. “आमचे दगड तिथे कधी नव्हतेच म्हणतात, सार. नकाशात नाहीत म्हणे. माझ्या सासूच्या सासूचा दगड तो...” मग म्हणाली, “तुम्ही नकाशे काढता ना? अक्का सांगत होत्या. आम्हाला एक काढून द्या. दगड दाखवून.”

पहिला नकाशा कुणाचा हे तिला ठाऊक होतं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. आजही सांगता येत नाही.

मी तिला आत बसवलं आणि तिच्यासमोरच काढायला घेतलं. अकराही दगड जागच्या जागी. एकदाही विचारावं लागलं नाही, शाळेतल्या कवितेसारखे पाठ होते. गुंडाळी हातात दिली तेव्हा ती हात जोडून उभी राहिली.

सही केली असती तर एकाच माणसाचे दोन नकाशे झाले असते. कोपऱ्यातली चौकट मी रिकामी सोडली होती.

आता त्या काठावर वॉकिंग ट्रॅक आहे. परवाच्या फोटोत माझी सही मात्र अगदी स्पष्ट वाचता येते...