डाव्या बाजूचा ब्रेक

ब्रेक न लावता गाडी थांबवणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. मामांची ती जीपच्या वंशातली जुनी, उंच गाडी विद्यानगरच्या गल्लीत वळली की डाव्या चाकातून असा कर्कश आवाज निघे की शेजारच्या बायका हातातलं काम टाकून आपापली पोरं मोजत. मामांना त्याचं काही वाटत नसे. ब्रेक दाबणं हे ज्याला पुढचं दिसत नाही त्याचं काम, असं त्यांचं मत होतं. पाय योग्य वेळी उचलला की गाडी आपसूक दाराशी येऊन थांबली पाहिजे. थांबत नसे ती रस्त्यात इतर माणसंही राहतात म्हणून. शेजारच्या सीटवरून मामी मात्र आपल्या परीने ब्रेक दाबत. तिथं ब्रेक नव्हता, नुसती रबरी मॅट होती. पण वर्षानुवर्षं पाय रोवून रोवून त्यांनी तिला टाचेएवढं भोक पाडलं होतं.

तेव्हा राज्याची वाटणी चालू होती आणि मामा त्यांच्या सरकारी कचेरीत फर्निचरच्या वाटणीवर बसले होते. त्यांच्या वडिलांच्या काळात जुनं हैदराबाद राज्य मोडलं, तेव्हा घर इकडे राहिलं आणि उदगीरकडचं शेत दुसऱ्या राज्यात गेलं होतं. त्यामुळे वाटणी ही आपल्या घराण्याची विद्या आहे, असं मामा मानत. खुर्च्या, कपाटं, पंखे त्यांनी दोन राज्यांत बरोबर अर्धे अर्धे केले. शेवटी एक भिंतीवरचं घड्याळ उरलं. ते सकाळी एका खोलीत आणि दुपारी दुसऱ्या खोलीत लावावं, असा शेरा त्यांनी लिहिला. घड्याळाची ने-आण करायचा शिपाई कोणत्या राज्याचा, यावर ते प्रकरण अडलं ते अडलंच.

त्याच दिवसांत कोठी भागातल्या मेकॅनिकने, म्हणजे सगळ्यांच्या उस्तादाने, ब्रेकचे पॅड पार झिजल्याचं सांगितलं. मामांनी विचारलं, ओरडतं कोण? उस्ताद म्हणाला, डावं चाक. मग पॅड डाव्यालाच मिळतील, उजव्याची तक्रार नाही, असा मामांनी निकाल दिला. उस्तादाने कपाळाला हात लावला. "साब, पैड जोडी से बदलते. एक पाँव में नवी चप्पल डालके कोई चलता क्या? और डिस्क में नाली पड गई, नवे पैड कू खा जाती." चप्पल नामंजूर झाली, आणि डिस्कचा अर्ज तर मामांनी वाचलाही नाही.

पुढच्या रविवारी बेगम बाजारात एक म्हैस आडवी आली आणि मामांना आयुष्यात क्वचित दाबला असेल तसा ब्रेक दाबावा लागला. नवा पॅड असलेलं डावं चाक इमानदारीनं थांबलं, उजव्यानं थांबायची गरज मानली नाही, आणि गाडी डावीकडे वळून लाल मिरचीच्या पोत्यांत जाऊन बसली. माणसाला काही लागलं नाही, पण सगळी गल्ली शिंकत होती, म्हैससुद्धा. मामी खाली उतरल्या, पदरानं डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "राज्य वाटलं, कपाटं वाटली, आता ब्रेकबी वाटला. तुमच्या गाडीत मी पुन्हा बसायची नाही." मग त्या रिक्षा करून घरी गेल्या.

पुढे महिनाभर आम्ही एक अजब वरात पाहिली. मामी कुठंही निघाल्या की पुढे त्यांची रिक्षा आणि मागे मामांची मोकळी गाडी. लग्नाच्या हॉलशी दोघं एकाच वेळी पोचत, पण एकमेकांना ओळख देत नसत. आम्ही पोट धरून हसलो. एकदा मात्र मामा आमच्याकडे आले, चहा तसाच निवू दिला आणि म्हणाले, "जावईबापू, गाडी चालवताना डावीकडं बघावंच वाटंना हो." त्यानंतर मला त्या वरातीला हसता आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्याबरोबर उस्तादाकडे गेलो. दोन्ही बाजूंचे पॅड आणि दोन्ही डिस्क बदलायला मामांनी एका शब्दात होकार दिला. उस्तादाला इतका आनंद झाला की त्यानं आपल्याकडून नवी मॅटही घातली. ती पाहताच मामा चिडले. टाकलेली जुनी मॅट त्यांनी कचऱ्यातून शोधायला लावली, स्वतः धुतली आणि म्हणाले, "वहीच डालो. नवी पे उनका पाँव किधर ठैरता?"

संध्याकाळी मामींनी दार उघडून आधी खाली पाहिलं. मग बसल्या. पहिल्याच सिग्नलला गाडी अजिबात आवाज न करता सरळ थांबली. तरी मामींचा पाय त्या भोकात रोवलेला होताच, आणि मामा समोर बघत मिशीत हसत होते.

मामी जाऊन आता तीन वर्षं झाली. मामा अजून तीच गाडी चालवतात, आणि ब्रेक फार लवकर लावतात. परवा मी शेजारी बसलो होतो. समोर सिग्नल लाल झाला आणि माझी टाच नकळत त्या भोकात गेली. मामांनी गाडी अलगद थांबवली, खाली पाहिलं आणि हळूच म्हणाले, "जावईबापू, पाय जरा बाजूला घ्या."

मी घेतला.