बाईंची सकाळची शेजारती

गोदाकाठच्या देवांनासुद्धा मिळत नसेल इतकी हक्काची झोप घेणारी एकच व्यक्ती मी नाशकात पाहिली, ती म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या रातपाळीच्या नर्सबाई. हक्काची हा शब्द मी जपून वापरतो. झोप आम्हीही काढत असू. मी तिथे कारकून होतो आणि दुपारी मेजावर माझीही मान पडे. पण आमची झोप चोरीची, बाईंची राजरोस. सगळी गल्ली गंगेवरून ओलेत्याने परतत असे, देवळांतून काकडआरतीच्या घंटा वाजत असत, तेव्हा बाई पाळी संपवून घरी येत, आंघोळ करत आणि आपल्या बाळकृष्णापुढे शेजारती म्हणून त्याला नि स्वतःला निजवत. देवाला उठवायच्या वेळी कोणी झोपवते का, असे शेजारच्या काकूंनी एकदा विचारले. बाई म्हणाल्या, "तोही रात्रभर माझ्याबरोबर जागाच असतो." त्या दिवसापासून काकू धुणे आपटायला गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागल्या.

काकूंना जे कळले ते आमच्या डॉक्टरसाहेबांना कळत नव्हते. माणूस भला, पण पगार दिला की नोकराचा दिवसही आपला आणि रात्रही आपली, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. थर्मामीटर सापडेना, विचारा बाईंना. सासूबाईंची उचकी थांबेना, बोलवा बाईंना. आणि बोलवायला जायचे कोणी, तर मी. मी खिडकीखाली उभा राहून हाका मारी. एकदा आतून स्वच्छ आवाज आला, "बाई घरी नाहीत." मी तसाच परतलो आणि बाई घरी नसल्याचे साहेबांना कळवले. कोण म्हणाले, असे त्यांनी विचारले. "स्वतः बाईच म्हणाल्या," मी सांगितले. साहेबांनी माझी जीभ पाहायला मागितली नाही एवढेच.

माझ्या या कामगिरीमुळे त्याच दुपारी साहेब स्वतः टांग्यात बसले, आणि मलाही बसवले. विंचूरच्या एका बड्या व्यापाऱ्याची पत्नी दवाखान्यात यायची होती आणि तिच्या उशाशी बाई उभ्या असलेल्या साहेबांना हव्या होत्या. बाईंनी दार उघडले. आत्ता येणार नसाल तर रात्रीही येऊ नका, असे साहेबांनी बजावले. नोकरी गेली तर भाड्याची खोली जाणार आणि भावजयीच्या दारात परत जाऊन उभे राहावे लागणार, हे बाईंना तर ठाऊक होतेच, गल्लीलाही होते. बाई म्हणाल्या, "साहेब, आत्ता आले तर रात्री मी नुसती उभी असेन, जागी नसेन. चालेल का ते संध्याकाळपर्यंत ठरवा. बाळकृष्ण निजलाय, दार लावते." आणि कडीचा आवाज न करता त्यांनी दार लावले.

संध्याकाळी बाई नेहमीसारख्या आल्या. साहेब वॉर्डाच्या दारातच उभे होते. घरी जायची वेळ झाली तरी मी रेंगाळलो होतो; काहीतरी शोधण्याच्या निमित्ताने मी औषधांच्या कपाटात डोके घातले, आणि ते तिथेच अडकले असते तर बरे, असे मला वाटले. बाई साहेबांच्या बाजूने आत आल्या. पोटाचे ऑपरेशन झालेला एक मळेवाला पलीकडच्या खाटेवर दिवसभर कण्हत होता. त्याने मान वळवली.

"आल्या का बाई? मंग झोपतो आता. तुमी हाय तवर भ्या नाय."

आणि तो खरोखरच झोपला. साहेब त्याच्या खाटेपाशी गेले, झोपेत शांत झालेला तो चेहरा पाहत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "दुपारी कोणी येणार नाही तुमच्याकडे."

कोणी गेलेही नाही. थर्मामीटर साहेब स्वतः शोधू लागले आणि सासूबाईंच्या उचक्या आपल्या आपण थांबू लागल्या. मी सुटलो, असे मी ज्याला त्याला सांगत सुटलो. पण बाई यायच्या तेव्हा मी घरी गेलेलो असायचो आणि मी यायचो तेव्हा त्या. त्या गल्लीत जायला मला आता काही कारणच उरले नाही. तरी कधी वाट वाकडी करून गेलोच, तर त्या बंद खिडकीखालून मी चपला हातात घेऊन जात असे.