शुक्रवारचा इंग्रजी पिक्चर

आम्ही दोघांनी सगळ्या जगासारखी केलेली शेवटची गोष्ट म्हणजे शेजारच्या मास्तरांकडे बसून पाहिलेला एक इंग्रजी पिक्चर. शुक्रवार होता. शुक्रवारी भिवंडीतले कापडाचे लूम बंद, त्यामुळे निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्या दिवशी कावळासुद्धा ऐकू यायचा. मास्तरांच्या टीव्हीचा आवाज बिघडला होता. आम्हाला त्याचं काय? इंग्रजी तसंही कळत नव्हतं.

पिक्चर जुना, बिनरंगाचा. कोळशाच्या खाणीत राबणारा बाप, धुरानं काळवंडलेली घरं, आणि पोरावर जीव टाकणारी आई. मास्तर म्हणाले, "वहिनी, हा पुस्तकावरनं काढलाय. लिहिणाऱ्यानं आपल्याच घरचं लिहिलंय, नावं तेवढी बदलून."

"नावं कशाला बदलायची? रडणं तर खरंच हाय," बायको म्हणाली. मास्तर हसले, मीही हसलो.

पुढं ती आई अंथरुणाला खिळली. पोरगा दाराबाहेर डॉक्टरशी बोलला, आत येऊन हसला, तिची उशी नीट केली. बायको पडद्यावरची नजर न काढता हळूच म्हणाली, "तिला ठाव हाय."

"कशावरनं?"

"दवाखान्यात डॉक्टरनं काचेच्या दाराआड तुम्हाला माझं सांगितलं, तवा मी खाटेवरनं बघत नव्हते व्हय? दिवाळी दिसायची न्हाय म्हणाला त्यो."

आमचं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलेलं. मी लूमवर, ती शेजारच्या खोलीत सुताच्या कांड्या भरायला. तिथं कानांचा उपयोग नाही, समोरच्याचे ओठ बघायचे आणि बोलणं समजून घ्यायचं. सवयच ती. आणि मी, तिच्याबरोबर जन्म काढलेला माणूस, काचेचं दार लागलं म्हणून निर्धास्त होतो! रोज तिला म्हणायचो, बरी होशील. ती मान हलवायची. माझं मन राखायला हलवायची, हे तेव्हा कळलं. एवढ्याशा खोलीत ती एकटी मरत होती आणि मी एकटा भीत होतो. मरण तर कुणाला चुकत नाही, पण माणूस जिवंत असताना त्याला असं एकटं टाकायचं आणि त्याला माया म्हणायचं, याची मला आजही शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतले लूम सुरू झाले. मी ड्युटीवर गेलो नाही. दार लावून घेतलं, तिच्या पुढ्यात बसलो आणि डॉक्टर जे जे म्हणाला होता ते सगळं, त्या खडखडाटाच्या वर आवाज चढवून, माझ्या तोंडानं तिला सांगितलं.