दोराच्या त्या टोकाला

कपडे वाळत घालायला आणलेल्या नव्या दोरीचा नायलॉनी वास आला आणि कतारमधल्या दोहाबाहेरची ती घळ आठवली.

ऑफिसची सहल होती. नवशिक्यांनाही उतरता येईल अशी, जेमतेम दोन पुरुष खोल घळ. वर दोर धरून आमचे ड्रायव्हर दत्ताभाऊ, माझ्याच सांगोल्याकडचे. गाडीत दोघंच असलो की आम्ही मराठीत बोलायचो. ड्रायव्हर गाववाला आहे हे मैत्रिणींना कळू नये म्हणून त्या दिवशी मी हिंदी झाडत होते.

मध्येच पाय सटकला. लोंबकळत मी किंचाळले, "भाऊ, सोडू नका हो!"

मग वरून हळू आवाज आला, "डरो मत, मॅडम. मैंने पकडा है."

माझं सोंगही त्यांनीच सावरलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी संध्याकाळी गाडीतून उतरताना मी त्यांचे आभार मानले ते हिंदीतच.