शाळेची शंभरी आणि आत्याची हजेरी

चुकीचा शब्द दिसला की मला गप्प बसवत नाही. चौतीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं, निवृत्त होऊनही बराच काळ लोटला, पण खोड गेलेली नाही. आमच्या गावात लग्नपत्रिका छापायच्या आधी लोक मला दाखवतात आणि छापून आल्यावर माझ्यापासून लपवून ठेवतात. बायको म्हणते, या खोडीपायी तुम्ही एक दिवस मार खाणार. अजून तरी खाल्लेला नाही.

गेल्या हिवाळ्यात, कापूस वेचणी जोरात असताना, गावातल्या प्राथमिक शाळेच्या फाटकावर भला मोठा फ्लेक्स लागला. वर पुढाऱ्यांचे चेहरे, खाली गावातल्या हौशी मंडळींचे, आणि मधोमध लाल अक्षरांत 'भव्य शतकपूर्ती सोहळा'. तारीख पुढच्या महिन्याची. संग्रामपूरला बँकेत निघालो होतो, ते राहिलं. मोटारसायकल फाटकापाशी लावली आणि थेट ऑफिसात शिरलो.

आत मुख्याध्यापिका बाई होत्या, माझ्याच जुन्या विद्यार्थिनी. समोर शाळा समितीचा अध्यक्ष बसला होता. हा गडी संत्र्याचा बागायतदार, मनानं चांगला, पण घाईचा. मला पाहून दोघंही सावरून बसले, कारण मी ऑफिसात सहसा कौतुक करायला जात नाही.

"शंभर भरले का शाळेला?" मी विचारलं.

"भरले ना गुरुजी," अध्यक्ष म्हणाला. "बोटावर मोजले."

"पहिलं वर्ष लागलं तेव्हाच एक धरलं असशील. शंभरावं आता लागतं आहे. ते भरेल पुढच्या वर्षी. हे शताब्दी वर्ष आहे, शतकपूर्ती नाही."

"शतक म्हना का शताब्दी म्हना, शंभराचीच तं गोष्ट हाय. कायले कीस पाडता?"

मग मी त्याला बसल्या जागी शिकवलं. शतक कशाचंही होतं, धावांचं, श्लोकांचं, वर्षांचं. ती मोजदाद आहे, आणि मोजदाद पुरी झाल्याशिवाय पूर्ती म्हणता येत नाही. शताब्दी मात्र वर्षांचीच असते, आणि शताब्दी वर्ष म्हणजे ते शंभरावं वर्ष, जे लागलं की साजरं करायला सुरुवात करता येते. हा अध्यक्ष दरवर्षी गावात टेनिस बॉलचे सामने भरवतो. म्हणून शेवटी त्याला विचारलं, "नव्याण्णववर खेळणारा बॅट वर करतो का?"

पण नुसत्या तोंडाच्या वाफेवर तो मानणारा नव्हता. बाईंनी कपाटातून दाखलखारीजचं, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या पोरांच्या नोंदींचं, सगळ्यात जुनं रजिस्टर काढलं. जातीच्या दाखल्यासाठी लोक याच रजिस्टरची पानं शोधत येतात, त्यामुळे ते बाईंनी जिवापाड जपलेलं. पहिल्या पानावरची पहिली नोंद पाहिली, वर्षं मोजली. नव्याण्णव पूर्ण होत होती. मी जिंकलो होतो आणि ते मला आवडलं, खोटं कशाला सांगू.

"मंग ठीक हाय," अध्यक्ष म्हणाला. "फ्लेक्स काढून टाकू. पुढच्या वर्षी शंभर भरले की दणक्यात करू. तसाही पाहुना या वर्षी हो-नाही करून राह्यला."

चहा आला. चहा पिता पिता मी रजिस्टरची पानं उलटत बसलो, जुन्या मास्तरांचं वळणदार अक्षर बघत. आणि एका पानावर मला माझ्या आजोबांचं नाव दिसलं. त्यांच्या नावाआधी एका मुलीचं नाव होतं. ती माझी आत्या.

आत्या नव्वदीच्या पुढं आहे. पिंपळगाव राजाकडे दिलेली होती. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा माझ्या बापानं तिला घरी आणलं. मला शाळेत बोट धरून पहिल्यांदा नेलं ते तिनं. "मी चौथी शिकली," असं ती आयुष्यभर सांगत आली आणि आम्ही आयुष्यभर तिची थट्टा करत आलो. मी तर मास्तर. मी म्हणायचो, "आत्या, दाखला कुठी हाय? दाखल्याशिवाय चौथी कोन मानते?" ती हसायची. ती आणि आमच्या वस्तीतली इतर पोरं वर्गाबाहेर पडवीत बसून शिकली, हे मला माहीत होतं. आमच्या समाजातल्या त्या वयाच्या सगळ्यांची तीच कथा, म्हणून मी कधी खोलात गेलो नव्हतो.

रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढं शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: 'इयत्ता दुसरी. सतत गैरहजर. नाव कमी केले.'

घरी आलो तेव्हा ती ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "आत्या, तुही शाळा पाह्यली आज. तिथं लिवलं हाय का तू दुसरीतच याची बंद झाली."

तिचा हात थांबला. "कोनं लिवलं?"

"मास्तरनं. सतत गैरहजर म्हने."

"गैरहजर?" ती म्हणाली. "एक दिवस चुकवला नाई मी. तापात बी गेली." मग थोडा वेळ तिनं डोळे बारीक केले, जुनं काही धुंडाळताना करते तसे. "मास्तर आतल्या पोराइचे नावं घ्याचा. थे हजर म्हनत. मंग खिडकीतून मुंडकं काढाचा अन् आमाले छडीनं मोजाचा. एक, दोन, तीन, चार. आमी चार जनं होतो. आमचं नाव नाई घेतलं कधी. मी हजर म्हनू कवा?"

नाव दुसरीतच कमी झालं आणि हिला कोणी सांगितलं नाही. ही आणखी दोन वर्षं पडवीत येऊन बसत राहिली, चौथीचं पुस्तक संपवूनच घरी बसली. आणि मी, चौतीस वर्षं रोज सकाळी साठ-साठ पोरांची हजेरी घेणारा माणूस, तिला दाखला मागत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"आता काय करतं?" मी विचारलं.

"मी काय करू? माह्या नावानं हाक मारा म्हना एक डाव. हजर म्हनाचं राह्यलं माह्यं." आणि ती पुन्हा मिरच्यांकडे वळली, जणू तिनं पाणी मागितलं होतं.

आता माझी पंचाईत झाली. सोहळा एक वर्षानं पुढं ढकलला होता, तोही माझ्याच तोंडानं. नव्वदीपुढच्या माणसाच्या बाबतीत वर्षाची गोष्ट कोण करणार? आमच्या डॉक्टरनं तिच्या छातीबद्दल दिवाळीतच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जपा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षाच्या बागेत गेलो. तो संत्र्याच्या पेट्या भरून घेत होता. मी सगळं सांगितलं, अगदी मी दाखला मागायचो तेही. तो ऐकत राहिला आणि शेवटी बरोबर तेच बोलला ज्याची मला धास्ती होती.

"पन गुरुजी, तुमीच तं म्हनले का शंभर भरल्याशिवाय बॅट वर नाई कराची."

"म्हणालो. आणि अजूनही तेच म्हणतो. पूर्ती पुढच्या वर्षीच कर, बँड लाव, पाहुणा आण, मी मधे येणार नाही. पण शंभरावं वर्ष लागतं त्या दिवशी सुरुवात करायची असते की नाही? ती सुरुवात आत्याच्या हातून कर. मंडप नको, फ्लेक्स नको. परिपाठानंतर वर्गात हजेरी घ्यायची, तिच्या नावासकट."

तो हसला. "म्हंजे कालचा शब्द बी बरोबर अन् आजचा बी बरोबर. तुमच्यासंगं बोलून फायदा नाई."

"नाहीच," मी म्हणालो. त्यानं दोन डझन संत्री पिशवीत घालून दिली, आत्यासाठी.

शंभरावं वर्ष लागलं त्या दिवशी सकाळी आत्या पांढरं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन शाळेत आली. माझ्या मोटारसायकलवर बसायला तयार नव्हती, चालतच येईन म्हणाली, आणि आली. पडवीपाशी मात्र तिचे पाय आपोआप थांबले. पडवी आता ती जुनी नाही, फरशी बसवलेली आहे, पण खिडकी तिथंच आहे. बाईंनी तिचा हात धरून आत नेलं आणि पहिलीच्या वर्गात पोरांच्या पुढं खुर्ची दिली. ती खुर्चीवर बसली नाही. खाली पोरांच्या रांगेत शेवटी जाऊन बसली.

बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक पोरगं हजर म्हणून ओरडत होतं. शेवटचं नाव झाल्यावर बाई क्षणभर थांबल्या आणि आत्याचं माहेरचं पूर्ण नाव घेतलं, तिचं, तिच्या बापाचं आणि आडनाव. या नावानं तिला लग्नानंतर कोणी हाक मारलेली मी तरी ऐकली नव्हती.

आत्या काही बोलली नाही. सगळी पोरं मागं वळून बघायला लागली. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मी वाकून तिच्या कानाशी गेलो.

"आयकलं," ती म्हणाली. "आखीन एक डाव घ्याले सांग."

बाईंनी पुन्हा नाव घेतलं. आत्यानं हात वर केला आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "हजर."

मी पडवीत जाऊन उभा राहिलो. माझे डोळे भरून आले होते आणि शाळेतल्या पोरांपुढं मला रडायचं नव्हतं. परत आलो तेव्हा बाई हजेरीपटावर पोरांच्या नावांखाली पेनानं आत्याचं नाव लिहीत होत्या. सरकारी कागदावर असं नाव चढवता येत नाही, हे मला तोंडपाठ आहे. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी चूक डोळ्यांसमोर होताना पाहिली आणि गप्प राहिलो.

निघताना अध्यक्षानं तिच्या पायाला हात लावला. "आजी, पुढच्या वर्षी शंभर भरून राह्यले. शतकपूर्तीले याचं बरं का. येसान ना?"

आत्यानं पदर सारखा केला. "मले काऊन विचारता? आता नाव हाय ना माह्यं तुमच्या कागदावर? बलवा. नाई आली तं गैरहजर मांडा."