जवसाच्या फुलाचा रंग

कामरगावात देवमनला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. एकतीस वर्षं त्याने कामरगाव ते कारंजा काळीपिवळी जीप चालवली. अर्ध्या गावाच्या सोयरिकी, बाळंतपणं आणि बाजार त्याच्या मागच्या बाकांवर बसून पार पडले. हॉर्नवरचा हात त्याने कधी उचलला नाही. गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. ती विकली तेव्हा लोक म्हणाले, आता देवमन पारावर बसेल. देवमन बसला नाही. त्याने सैंपाकघरातली आलमारी रंगवायला घेतली.

आलमारी भिंतीत बसवलेली, चार कवाडांची. तीस वर्षांच्या फोडण्यांनी काळी पडलेली. तिचा मूळचा रंग कोणता, हे घरात कोणाला सांगता आलं नसतं. पण त्याच्या बायकोला, विमलबाईला, दुसरीच एक आलमारी आठवायची. किन्हीराजा गावातल्या माहेरची, तिच्या आईची. जवसाच्या फुलासारखी निळी. लग्न होऊन आली तेव्हापासून भाकरी थापता थापता तिचा हात मध्येच थांबायचा आणि ती त्या रंगाचं बोलायची. पुढे आई गेली, ते मातीचं घर पाडून भावांनी स्लॅब टाकला. रंग तेवढा विमलबाईच्या डोळ्यांत राहिला. आता त्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

वाशीमच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची तारीख दिली, तेव्हा देवमनने मनाशी ठरवलं. नवा डोळा घेऊन ही घरी येईल, तेव्हा समोर माहेरचा रंग पाहिजे.

त्याने डबे काढून खाटेवर मांडले. कवाडं गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने धुतली. पहिलं पाणी चहासारखं निघालं, दुसरं काकवीसारखं, पाचवं कुठे जरा निवळलं. मग दोन दिवस पॉलिश पेपर घेऊन तो घासत बसला. लाकडाचा भुसा उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहायचा आणि विमलबाई उंबऱ्यात बसून नुसती ऐकायची. तो आवाज तिला दूरवर कोणीतरी गहू पाखडत असल्यासारखा वाटायचा.

कारंजाहून त्याने निळ्या रंगाचा एक डबा आणला, पांढऱ्याचा एक. शेजारचा रामधन म्हणाला, माझ्या हरभऱ्याच्या धुऱ्याला, बांधाच्या कडेनं, उशिरा पेरलेला जवस आहे, फुलावर येईल तेव्हा पाहून घे. देवमनला ते पटलं नाही. जिने तो रंग तीस वर्षं सांभाळला ती घरात बसलेली असताना फुलाला कशाला विचारायचं? शिवाय ते फूल घरी आणताही येत नाही. सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या टाकून मोकळं होतं.

म्हणून तो फळीवर रंग लावायचा आणि फळी विमलबाईपुढे धरायचा. ती खिडकीशी जाऊन डोळे बारीक करायची. मळकट दिसते, म्हणायची. तो निळा वाढवायचा. अजून मळकट. तो पुन्हा वाढवायचा. असं सात वेळा झालं. आठव्यांदा ती फळी मांडीवर घेऊन बसली.

"हाच," ती म्हणाली. "माह्या मायच्या आलमारीचा."

देवमनने चारही कवाडं आतूनबाहेरून रंगवली आणि वाळेपर्यंत उघडी ठेवली, पंख पसरल्यासारखी.

ऑपरेशन झालं. आठ दिवस ती वाशीमला लेकीकडे, सरिताकडे राहिली आणि काळा चष्मा लावून परत आली. सैंपाकघरात आल्यावर तिने चष्मा काढला. देवमन गॅसच्या शेगडीकडे तोंड करून उभा होता. तिच्याकडे पाहायचा त्याला धीर होत नव्हता.



"प्रसेनजितचे बाबा," ती म्हणाली, "तुमची गाडी इकली, पण हारन घरीच ठेवला काय? हा रंग तं वाजून राह्यला."

देवमन खाटेवर बसला. त्याच्या हातातला गमछा खाली पडला. तूच हो म्हणाली होतीस, एवढं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. पण तिला ते ऐकू आल्यासारखं झालं. तिने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि जुन्या, डाव्या डोळ्याने पाहिलं. मग हात बदलला. मग पुन्हा उजवा झाकला.

"या डोयानं माहेर दिसते," ती हळूच म्हणाली. "त्या डोयानं नाही दिसत."

तेव्हा दोघांनाही उमगलं. मळ रंगात नव्हता.

विमलबाईने चष्मा पुन्हा लावला आणि विचारलं, रामधनच्या जवसाला फुलं आली काय.

पंधरा दिवसांनी, धूर-धुळीपासून डोळा जपून, दोघं सकाळी धुऱ्यावर गेली. बरोबर फळी, दोन्ही डबे आणि ताकाची जुनी पळी. जवस नुकता उमलला होता. जमिनीपासून हातभर उंचीवर कोणी आभाळाचं पाणी धरून ठेवावं, तसा. विमलबाई काही वेळ त्याच्यात पाहत राहिली. मग खाली बसली आणि पांढऱ्यात निळा स्वतः मिसळू लागली. पळी पळीने. देवमन फक्त ढवळायचा. रंग जराही गडद झाला की ती त्याच्या मनगटावर बोट ठेवायची, आणि एकतीस वर्षं कोणाचं न ऐकलेला तो हात थांबायचा.

ऊन चढलं. वारा नव्हता, तरी एकेक पाकळी सुटू लागली. एक ओल्या फळीवर पडली. पडताना दोघांनीही पाहिली. मग शोधली, तर दिसेना.

विमलबाईने नव्या डोळ्याने फळी न्याहाळली. शेवटी बोट फिरवलं, तेव्हा एका जागी काहीतरी हलकं, कागदाहून पातळ, बोटाला लागलं.

"झाला," ती म्हणाली.

कवाडांना बाहेरून तो रंग लागला. आतून तिने आधीचा भडक निळाच राहू दिला. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला अजून अवकाश आहे. कधी मीठ काढताना ती कवाड उघडते, उजवा डोळा मिटते आणि तशीच उभी राहते. भाजी लागल्याचा वास आला तरी देवमन तिला हाक मारत नाही. उठून गॅस बारीक करतो.