मामांचं काडतूस

दोन वस्तूंच्या मध्ये नेमकी किती जागा असावी हे या पृथ्वीतलावर एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. मामांच्या मनात तर नाहीच नाही. कार्डिफमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून सगळी नोकरी काढलेला हा गृहस्थ कोटाच्या वरच्या खिशात पेनाऐवजी पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा बाळगायचा आणि फट दिसली की त्यात पट्टी सारून बघायचा. आमचं नवं किचन बसवायला आलेल्या माणसाला त्यांनी एका कपाटाची दारं पाच वेळा उतरवायला लावली. तो बिचारा शेवटी म्हणाला, "डॉक्टर, या फटीतून मुंगीसुद्धा जाणार नाही." मामा शांतपणे म्हणाले, "डावीकडून जाईल." मोटरवेवर ते पुढच्या गाडीपासून इतकं अंतर राखत की त्यात निम्मं साउथ वेल्स शिरत असे, आणि शिरलेल्या प्रत्येक गाडीसाठी मामा पुन्हा तेवढेच मागे राहत. लेस्टरच्या एका लग्नाला त्यांच्या गाडीतून गेलो, तर आम्ही पोचलो तेव्हा मंडळी जेवून हात धूत होती. गणपतीला हॉलमध्ये खुर्च्या मांडायचं काम त्यांना एकदाच दिलं गेलं. आरती संपली तेव्हा तिसरी रांग लागत होती.

निवृत्तीनंतर आणि मामी गेल्यानंतर या माणसाने रायफल नेमबाजीत जीव अडकवला. शिकारीचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. त्यांचं वैर फक्त कागदावरच्या काळ्या ठिपक्याशी. पण दुकानात मिळणारं एकही काडतूस त्यांच्या मनास येईना. एकाची मान जाड, दुसऱ्याचा खांदा उतरता. मुली बघायला निघाल्यासारखी वर्षभर नकारघंटा वाजवून झाल्यावर त्यांनी स्वतःचंच एक काडतूस आखलं. अशा घरगुती काडतुसाला नेमबाज वाइल्डकॅट म्हणतात. ते कुठे विकत मिळत नाही आणि त्याच्यासाठी रायफलला नवी नळी बसवावी लागते. त्यातलं सगळ्यात नाजूक काम हेडस्पेसचं, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, बोल्ट, लावल्यावर आत काडतुसाला किती जागा उरते ते ठरवण्याचं. जागा कमी पडली तर बोल्ट लागत नाही, जास्त झाली तर काडतूस ताणून फाटतं, तेही आपल्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर. ती तपासायला पोलादाची दोन खोटी काडतुसं असतात. एकावर बोल्ट अलगद लागला पाहिजे, दुसऱ्यावर लागता कामा नये. मामांच्या काडतुसाची अशी मापं कोण विकणार? तीही त्यांनी बनवून घेतली आणि लोकरी मोज्यात गुंडाळून ठेवली. इतकं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

आणि मग एका रविवारी ते आमच्याकडे आले, चहाला हात न लावता दोन्ही पंजे टेबलावर पसरले आणि म्हणाले, "जन्मभर लोकांना बधिर केलं, आता माझा टर्न आलाय. डायबिटीस. या उजव्या तर्जनीला तेवढं कळतं अजून. ट्रिगरला ती पुरे. पण बोल्ट दोन बोटांनी हलकेच लावून बघायचा असतो, ते मला आता जमत नाही. तू डेंटिस्ट. फिलिंग केसभर उंच राहिलं तरी तुला समजतं. मला तुझी बोटं हवीत."

"अहो, पण घाई काय आहे, मामा?"

"रायफलच्या परवान्याचं सर्टिफिकेट ऑगस्टमध्ये संपतंय. मी ते रिन्यू करणार नाही. तोवर हे बोटही बधिर होईल. ज्याला ट्रिगर कळत नाही त्याने रायफल धरू नये. त्याआधी माझ्या काडतुसाने दहा शॉट्स मारायचेत. दॅट्स ऑल."

काम चालायचं मामांच्या एका जुन्या पेशंटच्या वर्कशॉपमध्ये. हा परवानाधारक वेल्श बंदूक-कारागीर. हर्नियाच्या ऑपरेशनला मामांनी त्याला झोपवलं होतं आणि मुख्य म्हणजे उठवलंही होतं, त्यामुळे त्याचं लेथ शनिवारी मामांच्या दिमतीला असे. तो नळीच्या आतून केसभर पोलाद कापायचा, मी माप घालून बोल्ट लावून बघायचो आणि मामा डोळे मिटून विचारायचे, "काय म्हणतोय?"

"लागत नाही."

"कुठे अडतोय?"

"अगदी शेवटी."

"शेवटी म्हणजे दारापर्यंत येऊन परत गेलेल्या पाहुण्यासारखा, की रस्त्यातूनच वळलेल्या?"

चार शनिवार असे गेले. मला मजा येत होती, हे आज कबूल करतो. पाचव्या शनिवारी लेकीचा स्विमिंग क्लास चारला होता आणि बायकोचे मेसेजवर मेसेज येत होते. एका हातात फोन धरून मी दुसऱ्या हाताने बोल्ट दाबला. दाबला कसला, नुसता टेकवला. म्हणालो, "नाही लागत." मामांनी विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की, मामा." असं तीनदा झालं, आणि तीनदा कारागिराने आणखी केसभर कापलं. चौथ्यांदा फोन खाली ठेवून बघितलं तर बोल्ट लोण्यात सुरी जावी तसा लागला. मामांनी दुसरं माप पुढे केलं. त्याच्यावर लागता कामा नये, तर त्याच्यावरही लागला.

कापलेलं पोलाद परत चिकटवता येत नाही. नळी मागून थोडी आखूड करून सगळं पुन्हा करायचं तर ऑगस्ट हातचा जाणार, असं कारागिराने सांगितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा त्याला म्हणाले, "माय फॉल्ट. मापच मी चुकीचं काढलं होतं." आणि मी, दोन डिग्र्या भिंतीवर टांगलेला माणूस, गप्प बसलो. क्लासला मात्र वेळेवर पोचलो. ऑगस्टमध्ये मामांनी रायफल कारागिराच्या हवाली केली. त्यांच्या काडतुसाने एकही गोळी सुटली नाही.

मामा आता केअर होममध्ये असतात. गेल्या महिन्यात मी शेवटी धीर करून त्यांना सगळं सांगून टाकलं, फोनसकट.

"माहीत होतं मला," मामा म्हणाले. "अरे, जन्मभर लोकांचे चेहरे बघत बसलो. माणूस जागा आहे की नाही एवढं कळतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू परत आला नसतास."

पण मी तसाही गेलो नव्हतो. मी येत राहावं म्हणून त्यांनी माझी चूक अंगावर घेतली, आणि त्याच चुकीच्या लाजेने मी आठ महिने त्यांच्याकडे फिरकलो नाही. ते आठ महिने मामांनी एकट्याने काढले. आता मी दर शनिवारी जातो. त्यांना कप नीट धरता येत नाही, म्हणून मी धरतो आणि ते घोट घेतात. पुढे असे किती शनिवार मिळतील ते दोघांनाही ठाऊक आहे. दोघंही डॉक्टर असल्यामुळे तो विषय कोणी काढत नाही.